टांग्याच्या मागच्या बाकावरचं वजन

या, जरा जवळ सरका. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि मोबाईलवर दुसरं काही उघडून ठेवलं असेल तर ते बंद करा आधी. अर्धं लक्ष इकडं, अर्धं तिकडं ठेवून वाचता आणि मग खाली विचारता, "आजी, पण टांगा आला कुठून?" सगळं लिहिलेलं असतं हो. तुम्हीच नीट वाचत नाही.

या सदरातले तुमचे अनुभव मी रोज दुपारी वाचते. घाटातली पांढरी साडी, हॉस्टेलच्या गच्चीवरची पावलं... खोटं कशाला बोलू, बरेचदा हसते. आमच्या घरात या गोष्टींना कधी जागाच नव्हती. आईवडिलांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर गंडेदोरे, अंगात येणं, उतारे, सगळं घराबाहेर गेलं. आमच्या वस्तीच्या मागं एक चिंच होती, तिच्यावर हडळ आहे म्हणायचे. मी नऊ वर्षांची असताना त्या चिंचेवर चढून ओटीभर चिंचा काढल्या होत्या. हडळ काही भेटली नाही, पोट मात्र दुखलं. आताही बिबवेवाडीत आमच्या शेजारच्या बाई नातवाची नजर काढायला मिरच्या मागायला येतात. मी देते, आणि वर सांगते की भाजीत घातल्या तर जास्त उपयोग होईल.

तर असली मी. वय शहात्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण दुकानांच्या पाट्यांवर आणि पुड्यांच्या कागदांवर झालं. हे लिहितेय ते हौस म्हणून नाही. माझा मुलगा सुहास म्हणतो, आई, आता तू एकटी घराबाहेर जायचं नाही. त्याला कारण झाला एक टांगा. म्हटलं, एकदा सगळं लिहून टाकावं, म्हणजे मला खुळ्यात काढायचं की नाही ते चार माणसं ठरवतील.

मार्च महिना. मी दौंडला बहिणीकडं चार दिवस राहून सकाळच्या गाडीनं पुण्याला उतरले. अकराला थोडा वेळ होता. ऊन लख्ख. सोबत एकच पिशवी, तिच्यात बहिणीनं दिलेलं ज्वारीचं पीठ, पाच किलो असेल. पीठ माझ्यासाठी नव्हतं, मंगळवार पेठेत माझी लहानपणापासूनची मैत्रीण सुमन राहते, तिच्यासाठी. तिला ते टाकायचं, चहा प्यायचा आणि बसनं घरी यायचं, असा बेत.

स्टेशनबाहेर आले. पहिला रिक्षावाला म्हणाला, "मंगळवार पेठ? एवढ्याला रिक्षा लागते होय, आजी? चालत जा की, तब्येतीला चांगलं."

म्हटलं, "तुमची तब्येत बघून कळतंय, तुम्ही रोज चालता ते."

दुसऱ्यानं नुसती मान हलवली. मोबाईलवरून बोलावलेली रिक्षा तीन मिनिटं, तीन मिनिटं करत नाहीशी झाली. आणि तेवढ्यात समोर, स्टेशनच्या दगडी इमारतीच्या कडेला, टांगा दिसला.

आता इथं थांबा. हा टांगा खरा होता. धुरातून आलेला वगैरे नाही. कुठल्याशा संस्थेनं 'जुनं पुणे स्टेशन' दाखवायची सहल काढली होती, कॉलेजातली मुलं, परदेशी पाहुणे, आणि परवानगी काढून एक टांगा आणला होता. लोकांनी बसून फोटो काढायचे. सहल संपलेली, टांगेवाला घोडीच्या गळ्यातली झेंडूची माळ काढून तिलाच खाऊ घालत होता. सत्तरीचा माणूस. युसुफभाई. लग्नाच्या वरातींना आणि शूटिंगला टांगा देतात. हे सगळं मी विचारून घेतलं, मला सवय आहे.

"भवानी पेठेत चाललोय, ताई. वाटेत सोडतो," ते म्हणाले. "बसा मागं."

मी बसले नाही लगेच. का, ते सांगायला पाहिजे.

माझी आई लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. वडील मालधक्क्यावर हमाल, म्हणजे मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या करायच्या, पाठीवर पोती. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आई सांगायची, तेव्हा स्टेशनपुढं टांग्यांची रांग लागायची, घोड्यांना पाणी प्यायला हौद होता, आणि गाडी आली की सगळे टांगेवाले एकदम ओरडायचे. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी ती माहेरी बाळंत झाली आणि सव्वा महिन्याचं बाळ घेऊन एकटी परत आली. वडिलांना सुट्टी नव्हती. वैशाखातली दुपार, काखेत बाळ, आणि पत्र्याची ट्रंक. तिनं पहिल्यांदाच टांगा केला. टांगेवाल्यानं ट्रंक चढवली, तिला मागं बसवलं. ट्रंक मागं आणि बाईही मागं, म्हणून टांगा मागं कलला. त्याला उलाळ होणं म्हणतात. तर तो म्हणाला, "बाई, पुढं सरका." ती पुढं सरकली. मग त्यानं विचारलं, "कुठं जायचं?" तिनं आमच्या वस्तीचं नाव सांगितलं.

तो म्हणाला, "उतरा."

आई एवढंच सांगायची. "आधी पुढं सरक म्हणाला, मग खाली उतर म्हणाला." ती उतरल्यावर त्यानं हौदातलं पाणी आणून बाक धुतला, तिच्यादेखत. आई ट्रंक डोक्यावर घेऊन चालत घरी गेली.

वस्तीतल्या बायका तिला म्हणाल्या, अगं, दुसऱ्या पेठेचं नाव सांगायचं. कसबा म्हणायचं, रास्ता पेठ म्हणायचं. कोपऱ्यावर उतरून चालत यायचं. आम्ही असंच करतो. आई म्हणाली, "मी राहते तिथलंच नाव सांगणार."

पुढं दिवस बदलले, टांगेवाले कुणालाही बसवायला लागले, पण आई जन्मात टांग्यात बसली नाही. बसमध्ये मात्र हौसेनं बसायची. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं की आमच्या वस्तीचं नाव अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगायची. आम्हा पोरांना लाज वाटायची.

म्हणून मी टांग्यापुढं उभी राहिले. मग म्हटलं, आई नाही बसली, तो तिचा निकाल. मी माझा देते. युसुफभाईंना म्हटलं, "आधी विचारा, कुठं जायचं."

"सांगितलंत ना, मंगळवार पेठ."

"मंगळवार पेठेत कुठं, ते विचारा."

त्यांनी विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं, सुमन अजून तिथंच राहते, आता तिथं सात मजली इमारत आहे तरी जुनंच नाव सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. म्हातारा माणूस, कळलं त्यांना. "बसा ताई," म्हणाले, "माझ्या टांग्यात कुणी उतरा म्हणत नाही."

मी मागच्या बाकावर बसले. मागच्या बाकावर तोंड मागच्या रस्त्याकडं असतं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. टांगा निघाला. वीस पावलं गेलो नाही तोच युसुफभाई पुढूनच, न वळता म्हणाले, "दोघी मागं नका बसू, ताई. एकीनं पुढं या. घोडीच्या पोटाला पट्टा आवळतोय."

म्हटलं, "मी एकटीच आहे हो."

"त्या दुसऱ्या बाई?"

"कुठल्या दुसऱ्या?"

त्यांनी टांगा कडेला घेतला. मागून एका पीएमपीच्या बसनं असा हॉर्न दिला की मीच दचकले. युसुफभाई खाली उतरले, मागं आले, बाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग चाकं बघितली, बाकाखाली वाकून बघितलं. माझी पिशवी उचलून बघितली.

"काय आहे हिच्यात?"

"ज्वारीचं पीठ. पाच किलो."

"तुमचं वजन किती?"

"बायकांना वजन विचारतात होय?" म्हटलं, पण सांगितलं. त्रेचाळीस.

ते म्हणाले, "चाळीस-पंचेचाळीस वर्षं हाकतोय. मागं किती माणसं बसली ते बघायला मला वळावं लागत नाही, घोडीला जुंपलेल्या दांड्या सांगतात. मागं दोन माणसं आहेत. तिसरी गोष्ट नाही."

पिशवी त्यांनी पुढं ठेवली. तरी टांगा मागंच कललेला. मी डोळ्यांनी बघितलं, दोन्ही दांड्या वर उचललेल्या, घोडीचा पट्टा पोटात रुतलेला, ती बिचारी मान हलवतेय. मग ते म्हणाले, "तुम्ही पुढं या."

मी पुढं त्यांच्या शेजारी बसले. आता जरा डोकं चालवा. आम्ही दोघं पुढं, मागचा बाक रिकामा. टांगा पुढं जड व्हायला पाहिजे, दांड्यांचा सगळा भार घोडीच्या पाठीवर यायला पाहिजे. पण तो जरासाच पुढं झुकला. युसुफभाईंनी ती पिठाची पिशवी उचलून मागच्या बाकावर ठेवली आणि टांगा पाण्याच्या पातळीसारखा सरळ झाला. मला सांगा, पाच किलोच्या पिशवीनं पुढची दोन माणसं तोलली जातात का?

त्यांनी घोडीला चुचकारलं. टांगा चालायला लागला, छान, एका लयीत.

थोड्या वेळानं मीच विचारलं, "तुमच्या घरात आधीपासून टांगे?"

"वडील, आजोबा. याच स्टँडवर."

"आजोबा आमच्या लोकांना बसवायचे?"

त्यांनी लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "खरं सांगू, ताई? मला ठाऊक नाही. असलं कोण सांगतं घरच्या पोरांना. बसवत असतील असं म्हणायला मला आवडेल. पण ठाऊक नाही."

मला तो माणूस तिथं आवडला. गोड बोलायचं म्हणून काहीही बोलला असता.

मालधक्का चौक ओलांडला. पुढं सिग्नलच्या अलीकडे मोबाईलची कव्हरं विकणारी हातगाडी असते, तिच्यापाशी आलो आणि टांगा एकदम पुढं दबला. खड्डा नव्हता. घोडीनं दोन पावलं अडखळत टाकली आणि उभी राहिली. मी पुढच्या फळीला धरलं म्हणून बरं.

युसुफभाई म्हणाले, "उतरल्या."

मी मागं वळून बघितलं. बाकावर पिशवी. खाली रस्ता. हातगाडीवाला एका गिऱ्हाइकाला कव्हर लावून दाखवत होता.

"आता मागं बसा ताई," ते म्हणाले, "पुढं जड झालाय." मी मागं जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली. टांगा सरळ. तोच टांगा, तीच मी, तेच पीठ, तोच मागचा बाक... स्टेशनपाशी हेच उलाळ झालं होतं.

सुमनच्या दारात उतरले. युसुफभाई काही केल्या भाडं घेईनात. म्हटलं, आमच्या घरातलं एक टांग्याचं भाडं द्यायचं राहिलंय, आईच्या वेळचं, घ्या. घेतलं. त्यांचा नंबर घेतला आणि आत गेले.

सुमनला सगळं सांगितलं. तिनं चहा गाळता गाळता ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. "अगं, तुझी आई होती ती. शेवटी बसली बघ टांग्यात."

मला रागच आला. म्हटलं, "सुमे, तू माझ्या आईला ओळखत होतीस ना? ती बसेल?"

"मेल्यावर माणूस सोडून देतं गं."

"मग ती माझी आई नव्हे. आणि ती असती तर हातगाडीपाशी कशाला उतरेल? तिथं आमचं कोण आहे? घरापर्यंत आली असती."

सुमन म्हणाली, "तू ना, चांगलं काही झालं तरी भांडतेस."

घरी येऊन सुहासला सांगितलं. इथं चूक झाली म्हणा, किंवा नाही म्हणा. तो शांतपणे ऐकत होता. मग त्यानं युसुफभाईंना फोन लावला, स्पीकरवर. विचारलं, "माझ्या आईबरोबर अजून कुणी होतं का?"

युसुफभाई म्हणाले, "दिसलं नाही साहेब. पण टांग्यात होतं."

सुहासनं फोन ठेवला आणि म्हणाला, "आता दोन म्हातारी माणसं झाली."

चार दिवसांनी मला डॉक्टरकडं नेलं. स्मरणशक्तीच्या. तरुण मुलगी होती, गोड. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. एकोणऐंशीपर्यंत नीट गेले, पुढं तोंडातून शहात्तर निघालं आणि म्हटलं, हे तर माझं वय झालं, चुकलं, एकोणऐंशीतून सात गेले की बहात्तर. मध्ये हसले म्हणून घोळ झाला, पुन्हा पहिल्यापासून केलं आणि बरोबर केलं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, पाचही सांगितले, वर तिनं भिंतीवर कुठलं कॅलेंडर लावलंय तेही सांगितलं. मग तिनं विचारलं, "आजी, त्या दिवशी टांग्यात तुम्ही एकट्या होतात की दोघी?"

सुहास माझ्याकडं बघत होता. त्याचा चेहरा मला दिसत होता. आई, एकटी म्हण, आणि संपव.

मी म्हटलं, "मी एकटी होते. टांगा दोघींचा होता."

तिनं काहीतरी लिहिलं. रिपोर्ट चांगलाच आला तसा, वयाच्या मानानं उत्तम असं छापून आलं. पण गाडीत बसल्यावर सुहास म्हणाला, "आई, भास कुणालाही होतो. उन्हात होतो, उपाशीपोटी होतो. भास झाला हे तुला कळत असतं, तर मला काही काळजी नव्हती. तुला ते कळत नाहीये, म्हणून काळजी. तू फक्त म्हण की भास झाला. मग दौंडला जा, कुठंही जा. नाहीतर मी तुला एकटीला सोडणार नाही."

तो वाईट मुलगा नाही हो. स्टेशनवर हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्याच्या मोबाईलवर रोज येतात. तो घाबरलाय. मला ते कळतं.

म्हटलं, "सुहास, भास माणसाला होतो. मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, कुणी हाक मारली नाही. जे झालं ते टांग्याला झालं. टांग्याला भास होतो का?"

"मग काय होतं ते?"

"मला माहीत नाही."

"मग भास म्हणायला काय जातं तुझं?"

काय जातं... मी खिडकीबाहेर बघत बसले. सातारा रोडच्या त्या गर्दीत आमची गाडी अडकलेली. मला वस्तीतल्या बायका आठवल्या. दुसऱ्या पेठेचं नाव सांगायचं गं, काय जातं आपलं? टांगा मिळतो, डोक्यावरची ट्रंक उतरते, काखेतल्या बाळाला सावली मिळते. एका शब्दाचा तर प्रश्न. आणि तरी आईनं तो शब्द उच्चारला नाही, वैशाखाच्या उन्हात चालत गेली. त्या बायका चुकीच्या होत्या असं मी म्हणत नाही. त्यांच्या काखेतही बाळं होती. पण मी आईची मुलगी आहे.

सुहासला म्हटलं, "मी नाही म्हणणार."

तो म्हणाला, "मग एकटी जाणार नाहीस."

पुढच्या गुरुवारी सकाळी डबा भरला, गॅस बंद केला, चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली, बसनं स्टेशनला गेले आणि दौंडची गाडी पकडली. खिडकीची जागा मिळाली. सुहासचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"कुठं आहेस?"

"हडपसर स्टेशन आत्ता गेलं."

"एकटी?"

"डबा भरलेला आहे माणसांनी. पण तुझ्या हिशेबानं एकटी."

त्याच्या मागून ऑफिसातला गलका ऐकू येत होता. मग म्हणाला, "पोचलीस की फोन कर. आणि पाण्याची बाटली घेतलीस का?"

घेतली होती. पोचल्यावर फोन केला. परत आल्यावरही केला. त्यानंतर तीनदा जाऊन आले. तो अजून मान्य करत नाही आणि मी अजून विचारत नाही, असं आमचं चाललंय.

आता तुम्ही खाली लिहाल, त्याआधीच सांगते. कुणी म्हणेल, रस्त्याला उतार असेल. तिथं उतार नाही, मी परत जाऊन बघून आले. कुणी म्हणेल चाक वाकडं होतं. युसुफभाईंनी दुसऱ्या दिवशी चाक काढून बघितलं, ठीक होतं. तुमची आई होती म्हणाल तर सुमनला दिलेलं उत्तर वर वाचा. आणि आत्मा, लहर, अतृप्त इच्छा असलं काही लिहिणार असाल तर लिहू नका. माझा त्यावर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. त्या स्टँडवरून उतरवलेली माझी आई एकटीच थोडी होती? किती बायका असतील, कुठकुठल्या वस्त्यांतल्या, कुणाकुणाचं घर त्या हातगाडीपाशी असेल तेव्हा. ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून मी काही बनवूनही सांगणार नाही. मागच्या बाकावर वजन होतं. ते चौकापुढं उतरलं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही, युसुफभाईंकडं नाही, डॉक्टरणीकडं तर नाहीच.

आणि नुसतं वाचून, लाइकचा अंगठा दाबून जाऊ नका. पुण्याला या. पावसाळा लागायच्या आत या, पिठलं-भाकरी करते, ज्वारी दौंडची आहे. पत्ता विचारत बसू नका आणि रिक्षावाल्याच्या नादी तर अजिबात लागू नका. गाडी कुठली ते तेवढं कळवा, लवकर कळवा. स्टेशनवर तुम्हाला घ्यायला मी येईन. एकटी येईन.